गादी सोडणार नाही

सकाळी गादीवाली दुकान उघडायला आली, तर पेठेच्या तोंडाशी नगरपालिकेचा भला मोठा फलक उभा. रंगाचा वास अजून गेला नव्हता. तिनं किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला आणि मान वर करून वाचायला लागली. शाळेशी तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. साधी अक्षरं ओळखीची होती, पण जोडाक्षर दिसलं की ती रस्त्यात आडव्या लावलेल्या हातगाडीला घालावा तसा त्याला वळसा घालायची. ‘जुन्या बाजारपेठेचे’ कसंबसं पार पडलं, पण पुढच्या लांबलचक शब्दापाशी गाडं अडलं.

शेजारचा किल्लीवाला शटर वर करत होता. तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त. नवरा गेल्यावर भांडायला घरात कुणी उरलं नाही, ती कसर हा माणूस रोज भरून काढायचा.

“भावजी, हे काय लिहिलंय हो?”

“पुनरुज्जीवन.”

“म्हणजे?”

“म्हणजे मेलेल्याला परत जिवंत करायचं.”

“मेलं कोण?”

“आपणच की. ही पेठ.”

“अगं बाई! मी मेले आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही? दोनदा चहा झाला माझा सकाळपासून.”

“भुतंही चहा पितात म्हणे.”

“पितात तर! रोज अकरा वाजले की माझ्या दुकानात येतात, साखर कमी पडली म्हणून कुरकुर करतात आणि कप तसाच ठेवून जातात.”

फलकावर चित्र होतं. झाडं, बाकडी, शोभेचे दिवे आणि चालणारी माणसं. सगळी तरुण, सगळी शिडशिडीत, आणि एकाच्याही हातात पिशवी नाही. “ही बाजाराला आलीत की हवा खायला?” ती म्हणाली. मग तिनं आपलं दुकान शोधलं. तिथं काचेची भिंत होती आणि काचेमागे एक पोरगा कप घेऊन निवांत बसला होता.

“हा जिथं बसलाय ना, तिथं माझं पिंजायचं मशीन आहे. पँट अडकेल मेल्याची.”

किल्लीवाला हसला, पण त्याचं हसू लवकर विरलं. त्याचंही दुकान चित्रात नव्हतं. धूळ आणि आवाज करणारे धंदे गावाबाहेरच्या नव्या संकुलात जायचे होते, तिसऱ्या मजल्यावर. गादीवाली, किल्लीवाला आणि पलीकडचा पत्र्याच्या पेट्या करणारा. ज्याच्या नावावर दुकान, त्यानं सुनावणीत होकार दिला की झालं.

गावाबाहेर जाणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिची गिऱ्हाइकं मागच्या गल्ल्यांतून पायी यायची, दबून पापड झालेली गादी डोक्यावर किंवा सायकलवर घेऊन. सकाळी गादी द्यायची, दिवसभरात कापूस पिंजून, नवी खोळ घालून, टाके मारून संध्याकाळी न्यायची. ती संध्याकाळी मिळायलाच हवी, कारण बहुतेकांच्या घरी दुसरी गादी नसायची. निजायचं कशावर? अशी माणसं डोक्यावर गादी घेऊन गावाबाहेर तिसऱ्या मजल्यावर येणार, हे ते चित्र काढणाऱ्यालाच सुचू शकत होतं.

रात्री जेवताना मुलानंच विषय काढला.

“आई, मी जागा बघून आलो. मोठी आहे. लिफ्ट आहे.”

“गिऱ्हाईक लिफ्टनं वर चढेल रे. पण तिथवर पोचेल कसं?”

“लोकांकडे गाड्या आहेत आता.”

“ज्यांच्याकडे गाड्या आहेत, ते जुना कापूस पिंजून घेत नाहीत, राजे. ते फोम आणतात.”

‘राजे’ म्हणाली की ती चिडलेली असते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. एरवी तो गप्प बसला असता. आज बसला नाही.

“तुझं बरं आहे. तू पुढं गल्ल्यावर बसतेस. मागच्या बिनखिडकीच्या खोलीत मशीनपाशी दिवसभर मी असतो. श्वास घ्यायला जागा नाही तिथं. घरी येऊन नाक शिंकरलं तर कापूस निघतो.”

उत्तर नसलं की गादीवालीचा आवाज चढायचा. तसा तो चढला. “तुझ्या बापानं त्याच खोलीत जन्म काढला!”

“काढला ना. आणि शेवटी शेवटी कसा खोकायचा, ते मी पण ऐकलंय.”

सुनेच्या हातातली पळी भांड्यातच थांबली. गादीवालीनं पानातलं सगळं संपवलं, पण काय खाल्लं ते तिला सांगता आलं नसतं.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. पुढच्या खुर्च्या काचेची दुकानं मिळणाऱ्यांसाठी. ज्यांना हलवायचं, त्यांनी मागे भिंतीला टेकून उभं राहायचं, असं कुणी म्हणालं नव्हतं. खुर्च्याच तेवढ्या मांडल्या होत्या. गादीवालीनं एकवार सगळीकडे पाहिलं आणि सुनेला म्हणाली, “चल.”

पाऊण सभा झाल्यावर सासू-सुना परत आल्या. सुनेच्या डोक्यावर नवी कोरी गादी. ती तिनं थेट पालिकेच्या साहेबांच्या टेबलासमोर अंथरली आणि गादीवाली वर मांडी ठोकून बसली.

साहेब तरुण होते, बोलायला मऊ. “आजी, हे काय?”

“गादी. तुम्ही बसा खुर्चीवर, मी बसते गादीवर. खुर्ची बदली झाली की सुटते, साहेब. गादी घराण्यात राहते.”

सभागृह हसलं. पेटीवाल्यानं तर शिट्टी मारली.

“आजी, हे सगळं तुमच्याच भल्यासाठी आहे.”

“भलं माझं, तर मला कुणी विचारलं का नाही?”

“आता विचारतोय ना.”

“मग सांगते. नाही.”

“नाही म्हणजे?”

“सोपा शब्द आहे, साहेब. एकही जोडाक्षर नाही त्यात.”

आता नगरसेवक उठले. दर निवडणुकीला तिला मावशी म्हणत पाया पडणारे. “मावशी, हट्ट सोडा. तुमच्या कापसाच्या धुळीनं माणसं खोकतात.”

“कोण खोकतं? दाखवा मला एक माणूस!”

आणि नेमका तेव्हाच मागून खोकला आला. खोल, थांबता थांबेना असा. सगळ्यांच्या माना वळल्या. तिला वळायची गरज पडली नाही. खोकला थांबल्यावर मुलगा म्हणाला, “साहेब, मला जायचंय तिकडे.”

गादीवालीचं तोंड कडू झालं. तरी ती ताठ उभी राहिली. “त्याचं मत त्याचं. दुकान माझ्या नावावर आहे. माझं उत्तर तुम्ही ऐकलंत.” तिनं गादीची गुंडाळी केली, सुनेला हात लावू दिला नाही, आणि ती स्वतःच्या डोक्यावर घेऊन चालती झाली. लोक टाळ्या वाजवत होते. तिच्या कानात खोकलाच वाजत होता.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर आली आणि किल्लीवाल्याकडून छिन्नी-हातोडा मागून घेतला. मागच्या खोलीतलं मशीन बाजूला सारून तिनं मागच्या भिंतीवर कोळशानं एक चौकोन काढला.

किल्लीवाला दारात येऊन उभा राहिला. “वहिनी, मागची गल्ली पालिकेची आहे. तिकडे खिडकी काढायची परवानगी मागता मागता माझा दोस्त बिचारा गेला.”

“ते मागत होते. मी मागत नाहीये.”

गिलावा भराभर सुटला. विटा मात्र तिच्यासारख्याच निघाल्या. मुलगा आला तेव्हा ती धुळीनं पांढरी झाली होती.

“आई! काय चाललंय?”

“खिडकी.”

“नोटीस येईल.”

“येऊ दे. निदान उजेडात वाचता येईल.”

तिनं हातोडा खाली ठेवला.

“काल तू भर सभेत बोललास, त्याचा राग आहे मला. तो इतक्यात जायचा नाही. पण तू खोटं बोलला नाहीस. तुला जायचं तर जा. फक्त श्वासासाठी जाऊ नकोस, तो मी इथं मिळवून देते. दुसरं काही कारण असेल तर सांग.”

त्यानं पुढं होऊन कोळशाची रेघ हातानं पुसली.

“एवढी खाली काढतात का खिडकी? धूळ वर चढते. पंखा वर बसवावा लागेल.”

“मग काढ की वर. मला काय उंची दिलीये देवानं?”

त्यानं मशीनचं स्टूल ओढलं, तोंडाला फडकं बांधलं आणि घाव घातला. चौथ्या-पाचव्या घावाला वीट हलली, सटकली आणि पलीकडे गल्लीत जाऊन आदळली.

“अहो, कोण आहे? वीट पडली!” बाहेरून कुणीतरी ओरडलं.

गादीवाली स्टुलाला धरून टाचा उंच करत भोकाच्या दिशेनं ओरडली, “आणखी पडणार आहेत! बाजूनं चाला!”