न सापडलेला तुकडा

पत्र्यावर ठेवलेल्या पानाला कावळा शिवेना. बघून बघून कुशाबाईची मान अवघडली, पण एरवी नको तितके असणारे बावड्याचे कावळे आजच कुठं मेले होते कोण जाणे.

“रुसलाय अवि माजा,” ती म्हणाली. “त्येचं लेकरू घरात न्हाय ना.”

स्वरूपानं लॅपटॉपवरची नजर काढली नाही. अविराज तिचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. गेल्या वर्षी त्याच्या बायकोनं, संजीवनीनं, कऱ्हाटीच्या हिंदुरावाशी लग्न केलं आणि सहा वर्षांच्या श्रेयाला घेऊन ती तिकडं गेली. आज पितृपक्षातली अविची तिथ, म्हणून घरात म्हाळ होता. आणि कोनाड्यात वकिलाचा कागद होता, नातीचा ताबा मागणारा. ‘मुलीचे वडिलांच्या घराशी असलेले सर्व संबंध तोडण्यात आले आहेत.’ खाली साक्षीदार म्हणून स्वरूपाची सही तेवढी राहिली होती.

“कर की गं सही. हात झडतोय व्हय तुजा?”

हात झडत नव्हता, पण धजतही नव्हता. आठच दिवसांपूर्वी तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण परत आलं होतं. सरांनी समासात लिहिलं होतं, ‘सापडला नाही म्हणजे सुटून गेला, हे कशावरून?’

“त्या लॅपटॉपात काय बगतीस एवढं?”

“लिथियमचा अणुगर्भ असतो, आई. लहानसा. तो जड अणुगर्भावर आदळवायचा. त्याचे दोन तुकडे होतात. एक आमच्या यंत्रात सापडतो, दुसरा येतच नाही. मी सरसकट लिहिलं, दोन्ही सुटे झाले, दुसरा गेला उधळून. पण पुष्कळदा त्या जड अणुगर्भानं त्याला आपल्यात घेतलेलं असतं.”

“आन् ते कळायचं कसं?”

“घेतलं की त्या जडातनं किरण निघतात. तिकडं बघावं लागतं. मी बघितलंच नाही.”

कुशाबाई उठली. मग तिनं वड्यांचा डबा पिशवीत टाकला, त्यावर कागद कोंबला.

“चल मंग. बगूच तिकडं. तिच्या तोंडावर कागद मारती आन् लेकरू घिऊन येती.”

दोन एसट्या बदलून त्या कऱ्हाटीला पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. हिंदुरावानं त्यांना बघताच पाण्याचा तांब्या आणून ठेवला. कुशाबाईनं त्याला हात लावला नाही. तिची नजर गोठ्याच्या बुटक्या पत्र्यावर गेली होती. तिथं केळीचं पान होतं, टोचून चिंध्या झालेलं.

“ह्ये पान कुनाचं?”

“अविरावांचं,” हिंदुराव खाली बघत म्हणाला. “तिथ हाय न्हवं आज. श्रेयाच्याच हातनं ठेवलं.”

“आजी, अविबाबा लगीच आला!” श्रेया धावत आली. “समदं खाल्लं त्यानं!”

कुशाबाई होती तिथंच खाली बसली.

“माज्याकडं न्हाय आला गं,” ती म्हणाली आणि सकाळपासून दाबलेलं रडू फुटलं. “आईकडं न्हाय आला.”

दारात उभी असलेली संजीवनी पुढं आली, तिच्याशेजारी बसली आणि तीही रडू लागली. स्वरूपाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभरात तिनं ह्या घराला एकदाही फोन केला नव्हता.

बऱ्याच वेळानं कुशाबाईनं डोळे पुसले, डबा उघडून एक वडा काढला. वर ठेवायला पान नव्हतं. तिनं पिशवीतून वकिलाचा कागद ओढला, त्यावर वडा ठेवून तो श्रेयाच्या हातात दिला.

“ह्यो बी ठिव वर. त्येला म्हनावं, तुज्या आईनं आनलाय.”

हिंदुरावानं पोरीला उचलून वर धरलं. ती साद घालू लागली, “काव काव! अविबाबा, ये रे!”

कुशाबाईनं वर बघितलं नाही. तिनं तांब्या उचलला आणि त्या घरचं पाणी ती प्याली.