मास्तरांचं कार्बनचं हँडल

स्वातंत्र्यासाठी माणूस काहीही पणाला लावतो. मास्तरांनी सायकलला नवं हँडल लावलं.

मास्तर म्हणजे शिंपी. सकाळी नदीकाठाने सायकल दामटून यायचं आणि मग दुकान उघडायचं, असा त्यांचा शिरस्ता. दिवसातला तेवढाच वेळ त्यांना कोणी ‘कधी देताय?’ असं विचारत नसे. पण अलीकडे परतल्यावर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होई. एका वकिलाच्या कोटाचं बटण ऐन सुनावणीत गळालं, तेव्हा बायकोने नणंदेला फोन लावला.

ताई निवृत्त नर्स. तिने फोनवरच निदान केलं. “वय झालं तुझं. सायकल आमच्या जावयाला देऊन टाक.”

“वय माझं झालंय, सायकलचं नाही!” मास्तर गरजले. मुद्दा ताईच्याच बाजूचा होता, पण आवाज चढल्यामुळे खपून गेला.

त्याच संध्याकाळी ते सायकलच्या दुकानात गेले.

“कार्बनचं हँडल घाला,” दुकानदार म्हणाला. “हे तुमचं जुनं रस्त्याचा दणका जसाच्या तसा हातात देतं. कार्बन तो गिळतं.”

“आमच्या घरात कोणीच काही गिळत नाही. निदान हँडल तरी गिळू दे.” मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, स्वतःचे खांदे मोजले, मग भिंतीवरची सगळी हँडलं. “हे द्या. ते ढगळ होतंय.”

घरी बायको कमरेवर हात ठेवून उभी. “खुर्ची डुगडुगतेय, गादी बसलीय, आणि आराम कुणाला? सायकलला!”

“सायकलला नाही, मला.”

“मग झोपा की!”

ताईने निकालाची अट घातली. रविवारी सायकलवर तिच्याकडे यायचं आणि आल्या आल्या सुई ओवून दाखवायची. जमलं तर ती पुन्हा ब्र काढणार नाही. नाही तर सायकल तिथेच ठेवून बसने घरी.

रविवारी दारातच पुन्हा जुंपली. “बसला सुट्टे पैसे ठेवा,” असं बायकोने म्हटल्यावर मास्तर ताडकन निघाले. वाटेतला एकही खड्डा त्यांनी चुकवला नाही. एका खड्ड्याचा दणका मनासारखा बसला नाही म्हणून मागे वळून तो पुन्हा घेतला. करंगळी जागी होती.

ताईच्या फाटकाशी जावई सीटची उंची डोळ्यांनीच अजमावत उभा होता. ताईच्या हातात सर्वांत बारीक सुई.

मास्तरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. दोरा एका दमात ओवला, गाठ मारली, आणि जावयाच्या शर्टाचं लोंबतं बटण तो अंगात असतानाच शिवून टाकलं. “हलू नका, जावईबापू. टोचलं तर म्हणाल, म्हाताऱ्याचा हात थरथरतो.”

“मानलं बाबा,” ताई म्हणाली. “कार्बन ते कार्बन.”

“विज्ञान आहे, ताई. वयाचा काडीचा संबंध नाही.”

एवढ्यात बायकोचा फोन आला. सगळ्यांनी ऐकावं म्हणून मास्तरांनी स्पीकर लावला.

“अहो, सायकलचे रोजचे हातमोजे मशीनवरच विसरलात! तुम्ही स्वतः शिवलेले, मनगटाला घट्ट डबल इलास्टिकवाले.”

ते हातमोजे त्यांनी गेल्या हिवाळ्यात शिवले होते. बोटं बधिर व्हायला लागली तीही गेल्या हिवाळ्यापासूनच.