चर्चला लागलेला होडीचा उतार

फिलिपिन्समधल्या पानाय बेटावरचं आमचं गाव होड्या बांधणाऱ्यांचं. इथला माणूस पाळणा करायला बसला तरी त्याला सुकाणू बसवतो.

आमच्यात थोरल्या बाईला मानांग म्हणतात, थोरल्या पुरुषाला मानोंग. मानांग लिब्राडाचे पाय लहानपणीच गेले. चाकाच्या खुर्चीतून ती चर्चपर्यंत यायची, पण पुढे पायऱ्या. कुणी उचललं तर आत, नाहीतर मेणबत्तीवाल्यांशेजारी उन्हात. आत नेणाऱ्याला परत आणायची आठवण राहीलच असं नाही. एकदा ती एका पोराच्या बाप्तिस्म्याला आत गेली, ती त्याच पोराच्या लग्नानंतर बाहेर आली. खोटं वाटत असेल तर त्या पोराला विचारा.

नव्या फादरांनी उतार बांधायचं काढलं. काम घेतलं मानोंग तिबुर्सिओनं, आमच्या सगळ्यात जुन्या होडीवाल्यानं. लिब्राडाला कुणी काही विचारलं नाही. तिबुर्सिओच्या हातांना एकच उतार ठाऊक, होडी पाण्यात सोडायचा. तस्साच खडा बांधला, आणि सवयीनं वरून खोबरेलही चोपडलं.

रविवारी लिब्राडाची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मग आम्ही होडीचा दोर बांधला आणि अशी ओढ दिली, की खुर्ची बाकांमधून सुसाट जाऊन फादरांच्या आधी वेदीपाशी पोचली. टाळ्या पडल्या. फादरांचे डोळे भरून आले. दर रविवारी असंच आणू, असं त्यांनी जाहीरही करून टाकलं.

"नका आणू," लिब्राडा म्हणाली. "तुमचं प्रवचन लांबलं की हे सगळे हळूच उठून बिबिंका खायला जातात, फादर. मला आणलं की मी अडकले. मला माझी मी यायचंय, आणि मनात आलं की माझी मी जायचंय."

बाकांवरचे पुरुष छताकडे बघायला लागले.

"मग आधी बोलायचं ना, मानांग," तिबुर्सिओ पुटपुटला.

"आधी विचारायचं ना."

दुसऱ्या दिवशी तो तिच्या खुर्चीमागून फिरला. ती दमली तिथे त्यानं सपाट फळी टाकली, तिला वाटलं तिथे कठडा. उतार लांबत लांबत चिंचेला वळसा घालून आला. त्यावर चढायला निघालेली कोंबडी वर पोचेतो पिल्लांची आई होते.

पुढच्या रविवारी लिब्राडा एकटी वर आली. प्रवचन लांबलं. तिनं खुर्ची वळवली आणि भर चर्चमधून बाहेर गेली. फादर बोलायचे थांबले. सगळ्यांच्या माना दाराकडे.

थोड्या वेळानं ती परत आत आली.

"वारा खाऊन आले," ती म्हणाली. "चालू द्या, फादर."