सेन्सर आला का, हे विचारतंय कोण?

थांबूरावांनी पुन्हा तेच केलं. ऑफिसात हे नाव त्यांना मीच दिलं. कुठलाही बिघाड दाखवा, त्यांचं औषध ठरलेलं: प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकायची, 'पाच सेकंद थांब.' गुण नाही आला तर दहा.

आम्ही झोपेत श्वासाला मदत करणारं, उशाशी ठेवायचं यंत्र बनवतो. बटण दाबलं की आधी कर्नल जागा होतो. तो सगळ्या प्रोग्रॅमांचा आतला कारभारी. मग एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, कामाला लागतात. हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरला वीज देणारा भाग आधी तयार लागतो. तो तयार नसेल तर कर्नल सेन्सरच्या ड्रायव्हरला "नंतर ये" म्हणून रांगेत बसवतो. इथवर सगळं रीतसर. पण आमचा मुख्य प्रोग्रॅम म्हणजे थेट माझे सासरे. घरात कोणाची चप्पल सापडत नसते आणि हे गाडीत बसून हॉर्न वाजवत असतात.

प्रोग्रॅमला सेन्सर दिसला नाही की तो धरून चालतो, हे आपलं स्वस्तातलं यंत्र, यात सेन्सर नसतोच. आणि निमूटपणे सुरू होतो. मग हवेची नळी निसटून दाब पडला तरी भोंगा वाजत नाही. स्वस्त आणि महाग यंत्रांना एकच प्रोग्रॅम घालायची अक्कल कोणाची, ते विचारू नका. ते आता साहेब आहेत.

"अहो, दहा सेकंदांत येतोच सेन्सर," थांबूराव म्हणाले. "माझ्या टेबलावर एकदाही चुकलं नाही."

"तुमच्या टेबलावर कोणी झोपत नाही. माझ्या सासूबाई रोज हे यंत्र लावून झोपतात." चाचणीसाठी बाहेर दिलेल्या महागड्या यंत्रांपैकी एक त्यांच्या उशाशी आहे.

तेवढ्यात साहेब डोकावले. "माल आज निघायचाय. दहाचे पंधरा करा आणि मोकळे व्हा!"

माझं डोकंच फिरलं. "पंधरा कशाला, पन्नास करा! पण सेन्सर आला का, हे विचारतंय कोण?"

साहेब आल्या पावली परत गेले. मी थांबूरावांची ओळ उडवली आणि लिहिलं: घड्याळ बघू नकोस, कर्नलची रांग संपेपर्यंत थांब. महागडं यंत्र झकास सुरू झालं. मग स्वस्तातलं लावलं. ते थांबलं ते थांबलंच. त्याच्या भागांच्या यादीत कोणीतरी सेन्सर तसाच ठेवला होता, आणि बिचारा ड्रायव्हर यंत्रात नसलेल्या भागाची वाट बघत रांगेत बसला होता.

"आता थांबूराव कोण?" थांबूरावांनी चहाचा घोट घेत विचारलं.

शेवटी दोघांनी बसून निस्तरलं. स्वस्त यंत्राच्या यादीतून सेन्सर काढला. महागड्याला बजावलं, की तुझ्यात सेन्सर आहेच. रांग संपेपर्यंत थांब, पण जन्मभर नको, आणि तरी तो आला नाही तर स्वतःशी काही ठरवू नकोस, बोंब मार. त्या दिवशी माल गेला नाही. साहेब माझ्याशी बोलायचे बंद झाले, तेवढीच शांतता.

संध्याकाळी घरी जाऊन सासूबाईंच्या यंत्रात नवा प्रोग्रॅम घातला. यंत्र सुरू झालं, जरा थांबलं आणि किंचाळायला लागलं. मी बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा तेच. माझंच काही चुकलं म्हणून मी स्वतःला शिव्या घातल्या आणि वैतागून मागचं झाकण उघडलं.

सेन्सरची वायर लावलेलीच नव्हती. जोडणीच्या खाचेवर कारखान्यातलं पिवळं टोपण अजून तसंच होतं. म्हणजे यंत्र घरी आल्यापासून रोज, नळी निसटली असती तरी आम्हाला शेजारच्या खोलीत काही कळलं नसतं. टोपण हातात घेऊन मी पलंगाच्या कडेवर बसले.

सासूबाईंनी कानांवर हात घट्ट धरले होते. "बंद कर गं बाई ते! तुम्हाला चांगल्या गोष्टीत हात घातल्याशिवाय चैनच पडत नाही. आधीचं किती शहाणं होतं, कधी म्हणून ओरडलं नाही."