भिंतीकडची रोपं

मला जिवंत रोप उपटून टाकता येत नाही, कुणी काही म्हणो. त्यामुळे माझी नणंद प्रयोगशाळेतून निकाल घेऊन आली आणि "वहिनी, या ट्रेमधली निम्मी रोपं बाद, टाकून दे," म्हणाली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

आम्ही दोघी एकाच संशोधन केंद्रात. फुलातले पुंकेसर काढून हाताने संकर करायचा मी. पानाचा तुकडा घेऊन त्यात रोगाला तोंड देणाऱ्या जनुकाची खूण, म्हणजे मार्कर, आहे का ते बघायचं तिने. भरघोस लागणारा आमचा टोमॅटो आणि रोगाला भीक न घालणारा रानटी टोमॅटो, या दोघांची सोयरीक जमवता जमवता कितीतरी हंगाम गेले होते. मार्करने निवडलेली झाडं यंदा टिकली नाहीत तर टोमॅटोचं काम बंद, असं साहेबांनी सुनावलं होतं.

बाद रोपं मी नंबरच्या पट्ट्यांसकट शेडमागच्या भिंतीकडेला लावली. नणंदेने ते पाहिलंच.

"तुझा माझ्या मशीनवर विश्वास नाही."

"मशीनवर आहे गं. तुझ्या घाईवर नाही."

झालं. घरी जेवताना ती फक्त तिच्या दादाशी बोलायची आणि माझा नवरा बिचारा मिठाची वाटी इकडून तिकडे देत बसायचा.

पुढे पांढरी माशी आली, पानं चुरगळणारा विषाणू घेऊन. निवडलेल्या रोपांच्या वाफ्यातली बरीचशी झाडं बघता बघता आकसली. नणंद बांधावर बसून रडली. टोमणा ओठांवर आला होता, पण जीभ रेटली नाही. तिला हाताला धरून भिंतीकडे नेलं. माशी तिथेही होती, पण काही झाडं सोडली तर बाकी सगळी हिरवीगार, फळांच्या ओझ्याने वाकलेली.

ती पट्ट्या वाचत राहिली आणि एकदम थांबली. "वहिनी, पाण्याचा खळगा!"

नमुन्यांच्या प्लेटमध्ये शेवटच्या खळग्यात पान नसतं, नुसतं पाणी असतं. निकालात तोच कोरा, ना "आहे" ना "नाही", यायला हवा. इथे पहिलाच कोरा आला होता आणि पहिलं पान खराब असेल असं धरून ही पुढे गेली होती. प्लेट मशीनमध्ये उलटी ठेवली गेली होती. पहिल्या खळग्याचा निकाल शेवटच्याच्या नावावर, शेवटच्याचा पहिल्याच्या.

मग आम्ही निकाल शेवटाकडून वाचायला घेतला. मी झाडापाशी उभी राहून नंबर सांगायची, ती झाडांकडे पाठ करून "आहे" किंवा "नाही" म्हणायची. वाफ्यात आणि भिंतीकडे, एकाही झाडाने तिला खोटं पाडलं नाही. शेवटच्या "आहे"ला मी मातीच्या हातांनीच तिला मिठी मारली. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

साहेब आले, झाडाझाडापाशी थांबले, फळं तोलून पाहिली. काम चालू ठेवायचं, पुढच्या वर्षी दुप्पट जागा, असं तिथेच सांगून टाकलं. मग म्हणाले, "पण ही टाकायची झाडं ठेवली कुणी?"

"वहिनीने," नणंद म्हणाली. "माझं न ऐकता."

"आणि मार्कर?"

"तो हिचा," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून बरोबर होता."

रात्री जेवताना तिने मीठ माझ्याकडे मागितलं.