काकूंचा खोकल्याचा काढा

पहिला दणका मधाच्या बरणीला बसला, दुसऱ्यात काचेचं कपाट गेलं. तोलायला घेतलेली सुंठ हातात तशीच धरून काकू भिंतीला टेकल्या. पहार घेऊन उभा असलेला माणूस ओळखीचा होता. खडीच्या कारखान्यात दगड फोडणाऱ्या यंत्रावर दोघे भाऊ कामाला होते, त्यांतला हा धाकटा. थोरला परवाच खोकून खोकून गेला होता.

“सात महिने,” धाकटा म्हणाला, “सात महिने तुझं पाणी पीत होता तो.”

“ऐकून तरी घे रे.”

उत्तरादाखल पहार फळीवर आली. ज्येष्ठमधाच्या काड्या, लवंगा, भरून ठेवलेल्या बाटल्या, सगळ्याचा चुराडा झाला. काकूंनी आडवा घातलेला हात मध्ये सापडला. मनगटातून कडकन आवाज आला आणि त्या काचांवरच बसल्या.

नवरा गेल्यापासून एकवीस वर्षं त्या हे दुकान चालवत होत्या. पहाटे उठून आलं किसायचं, ज्येष्ठमध उकळायचा, गार झाल्यावर मध घालून बाटल्या भरायच्या. मुलाबाळांचा साधा खोकला त्याने निवायचा. काकूंच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणायचे. ऐकता ऐकता काकूंनाही ते खरं वाटू लागलं होतं.

आरडाओरडा ऐकून शेजारचा सायकल दुरुस्तीवाला हातातल्या पान्यासकट धावत आला. मागोमाग पाचसहा जण. पाना धाकट्याच्या खांद्यात बसला, पहार सुटली. मग त्याला उंबऱ्याबाहेर ओढून सगळ्यांनी हात साफ करून घेतले. कुणी पोटात लाथ घातली, कुणी केस धरून तोंड फरशीवर आपटलं.

“म्हाताऱ्या बाईवर हात टाकतोस?” सायकलवाला प्रत्येक फटक्याला तेच विचारत होता.

धाकटा गुडघ्यांवर आला आणि खोकू लागला. तो खोकला काकूंना आतून ऐकू आला. कोरडा, लांबलचक, छातीच्या तळापासून खरवडून येणारा. तुटका हात पोटाशी धरून त्या बाहेर आल्या. त्याने फरशीवर थुंकलेलं रक्त लालभडक होतं, फेसाळ होतं. ओठ फुटून येतं ते रक्त असं नसतं.

“सोडा त्याला,” काकू म्हणाल्या.

“काकू, तुम्ही आत व्हा,” सायकलवाल्याने पुन्हा हात उगारला.

काकू सरळ मध्ये शिरल्या. फटका त्यांच्या पाठीत बसला, तेव्हा कुठे लोक मागे सरले.

“कधीपासून खोकतोयस?” त्यांनी विचारलं.

“तुला काय करायचंय?”

“दवाखान्यात चल. छातीचा फोटो काढ.”

“थोरल्याला का नाही सांगितलंस?”

काकूंना खोटं बोलता आलं असतं. सांगितलं होतं, त्यानेच ऐकलं नाही, एवढं म्हटलं असतं तर गर्दीतला एकेक जण त्यांच्या बाजूने बोलला असता.

“त्याच्या रुमालावर मी रक्त पाहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “पाचव्या महिन्यात. तो म्हणाला, ‘काकू, तुमच्यानेच बरं वाटतं.’ मला ते गोड वाटलं. मी बाटली दिली.”

धाकटा उठला आणि त्याने त्यांच्या थोबाडीत मारली. यावेळी कुणी मध्ये पडलं नाही. सायकलवाल्यानेही पाना खाली केला.

दोघांना एकाच टेम्पोत घालून नेलं. वाटेत धाकटा बाहेर बघत राहिला.

दवाखान्यात काकूंच्या उजव्या हाताला प्लास्टर झालं. धाकट्याचा फोटो निघाला. दुपारी डॉक्टरीणबाई काकूंच्या खाटेपाशी आल्या.

“क्षय आहे. पण लवकर सापडला. सहा महिने गोळ्या नीट घेतल्या की बरा होईल.”

“त्याचा भाऊ?”

“वेळेत आला असता तर तोही.”

काकूंनी मान हलवली.

संध्याकाळी हवालदार वही घेऊन आला. दुकान कुणी फोडलं, हात कुणी मोडला, सगळं त्यांनी जसं घडलं तसं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही.

“आता रुमालाचं लिहा,” त्या म्हणाल्या.

“कसला रुमाल?”

काकूंनी तेही सांगितलं. हवालदाराने पेन थांबवलं.

“काकू, हे तक्रारीत येत नाही. तुमच्यावरच शेकायचं उगाच.”

“तरी लिहा.”

त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. वही पुढे सरकवली. काकूंनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून सगळं वाचून काढलं, मग डाव्या हातात पेन धरलं आणि खाली वाकडीतिकडी सही केली. बराच वेळ लागला. हवालदार वही धरून उभा राहिला.