अर्थिंगचं पाणी

व्यंकटीनं स्टुलानं माणूस मारला, असं आजबी बसस्टँडवर कोणी बोललं ना, तर मी चप्पल काढते. मारला न्हाई, वाचवला. आन् मारायचंच असंल कुणाला तर मला मारा, चूक माझी होती. कशी ते सांगते, मधी कोणी बोलू नका.

लातूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. कलेक्टर आला, साहेब लोक आले, बंगले उठले, आन् पाणी तेवढं गेलं. लागोपाठ तिसरं साल कोरडं. आठ दिसाला टँकर, तोबी आला तर आला. अशात आमच्या मालकानं, गुरुबसप्पानं, बसस्टँडच्या मागं व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. सगळे त्याला अप्पा म्हणायचे. कपाटाएवढ्या सहा मशिनी, हैदराबादहून जुन्या आणलेल्या. वर टीव्ही, मधी दांडा आन् बटणं, खाली टोकन टाकायचा लोखंडी डबा. टोकन टाकलं की विमानं उडायची, गोळ्या सुटायच्या. हाताला काम नसलेले बाप्ये दिसभर तिथंच. मी साखराबाई, टोकन द्यायची, झाडायची, पाणी भरायची. मशिनी बघायला देगलूरचा व्यंकटी होता. तिशीतला, बारका, बोलताना मधीच तेलुगू घुसायची. मला अक्का म्हणायचा.

दुकानाच्या मागं भिताडाला लागून त्यानं एक खड्डा खंदला होता. आत तांब्याची पट्टी, तिच्याभोवती कोळसा आन् मीठ. सगळ्या मशिनींच्या वायरी त्या पट्टीला जोडलेल्या. त्याला अर्थिंग म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यानं मला खड्ड्याजवळ बसवून सांगितलं.

"अक्का, ह्या मशिनी जुन्या हायेत. आतली वायर कवा घासंल, करंट पत्र्यात कवा उतरंल, सांगता येत न्हाई. खड्डा ओला असला तर करंट जमिनीत जातो, फ्यूज उडतो, कुणाला काय होत न्हाई. खड्डा सुकला की तो पत्र्यातच बसून राहतो. मग जो हात लावंल त्याच्यातून जातो. रोज सकाळी दोन घागरी. मी मेलो तरी टाकायच्या."

"हाव," म्हणलं मी.

अप्पाला त्या दोन घागरींचा लई राग. "माणसाला प्यायला न्हाई आन् तू मातीला पाजून राहिला व्हय रे!" पण व्यंकटी ऐकायचा न्हाई. म्हणायचा, मग मशिनी बंद ठेवा. एकदा खरंच बंद करून बसला, आर्धा दिवस. मग अप्पानं घागरी सोडल्या, पण चपलांचं काही ऐकलं न्हाई. गल्ल्यावर लक्ष्मीचा फोटो होता, म्हणून चपला उंबऱ्याबाहेर. व्यंकटी म्हणायचा, पायात रबर असलं तर माणूस वाचतो अप्पा, येऊ द्या घालून. "लक्ष्मीपुढं मी चपला नाचवू? जा, तुझी अक्कल देगलूरला ठेवून ये." असं म्हणून अप्पानं सगळ्यांना त्याच्यावर हसवलं. मेन स्विचबी अप्पाच्या केबिनीत. अप्पा जेवायला घरी गेला की केबिनीला कुलूप. त्याच्यावरूनबी व्यंकटी भांडला. पण नोकराचं कोण ऐकतो?

आता माझं सांगते.

माझ्याकडं एक कालवड होती, देवणी जातीची. माझं माहेर देवणीचं, भावानं दिली होती, माझा नवरा वारला त्या साली. बांडी म्हणायचो तिला. नाल्यापलीकडं माझं खोपट, तिथं बांधलेली. टँकरचं पाणी मला आन् सुनेला पुरायचं न्हाई, तिला कुठून पाजू? रातंदिस रिकामं घमेलं चाटायची. जिभेचा आवाज ऐकू यायचा, खर्र खर्र. एक दिवस सकाळी घागर खड्ड्याजवळ नेली, आन् तशीच नाल्याकडं वळले. म्हणलं एकच दिवस. मग एक घागर खड्ड्याला, एक बांडीला. मग दोन्ही बांडीला.

अकरा दिवस. मी मोजलेत, मागून मोजलेत. आन् माझा हलकटपणा बघा, मीठ मात्र रोज टाकायची. वरून चुळभर पाणी शिंपडायची. व्यंकटी येऊन बघायचा, वरून ओलं दिसायचं, म्हणायचा, "बरं हाय अक्का." मी मान हलवायची. मनात म्हणायची, मातीला काय कळतंय, इतके दिवस काय झालं का? ह्या जिभेला त्या वक्ताला किडे पडले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मिरग कोरडा जाऊन आठवडा झाला होता. दुपारचा बारा-एकचा वक्त. अप्पा जेवायला गेला, केबिनीला कुलूप. दुकानात वीस-पंचवीस माणसं, घामानं नुसती थबथबलेली. मोंढ्यातले, धान्याच्या बाजारातले हमाल आले होते, माल न्हाई म्हणून बसून. त्यात चाकूरचा सिद्धराम, आडदांड गडी, शंभर किलोचं पोतं एका झटक्यात पाठीवर घेणारा. आन् त्याचा जिवाचा दोस्त भुजंग. भुजंगच्या कमरेला पोतं ओढायचा आकडा कायम खोवलेला. दोघंबी अनवाणी, चपला बाहेर.

सिद्धराम तिसऱ्या मशिनीवर खेळत होता. टोकन अडकलं. त्यानं डब्यावर बुक्की मारली, मग दोन्ही हातांनी डबा धरून हलवला.

आन् तिथंच चिकटला.

आवाज न्हाई, वरडणं न्हाई. दात एकावर एक बसलेले, मानेच्या शिरा दोरीवानी, डोळे वर. पाय नुसते थडथड उडत होते. भुजंग हसला. त्याला वाटलं, गडी नकला करतोय. मला मात्र कळलं.

व्यंकटी मागच्या मशिनीपाशी होता. त्यानं एकदा बघितलं, एकदा केबिनीच्या कुलपाकडं बघितलं, काच फोडून मेनपर्यंत जायला वेळ नव्हता. मग माझ्या बुडाखालचं लाकडी स्टूल हिसकलं. मी खाली आदळले. त्यानं स्टूल दोन्ही हातांनी वर नेलं आन् सिद्धरामच्या मनगटांवर हाणलं. सुटला न्हाई. परत हाणलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तिसऱ्या दणक्याला सिद्धराम सुटला, मागं कोसळला, डोकं फरशीवर आपटलं. कानातून रक्त आलं. हालचाल न्हाई.

मशीन तशीच चालू. विमानं उडून राहिली, टुंई टुंई वाजून राहिली.

"मारला! सिद्धाला मारला ह्यानं!" भुजंग वरडला.

आन् मग काय सांगू बया. वीस माणसं एका बारक्या जिवावर पडली. कुणी केस धरले, कुणी पाय. तोंडावर बुक्क्या, बरगड्यात लाथा. त्याच्याच स्टुलाचा पाय उपटून कुणी पाठीवर हाणला. व्यंकटी वरडायचा, "करंट! करंट!" पण तोंडात रक्त, शब्द नीट येईनात. तेलुगूत काहीतरी बोलला, तशी ते आणखी चेकाळले. "बाहेरचा हाय रे हा, तोडा साल्याला." तीन साल उन्हानं, तहानंनं, बेकारीनं पिसाळलेली माणसं ती. सगळा राग त्या एकट्यावर निघाला.

भुजंगनं आकडा काढला. व्यंकटीनं डोक्यावर हात धरला. आकडा तळहातात घुसला, भुजंगनं ओढला. हात चिरत गेला. त्या हातानं तो केसाएवढी तार डाग देऊन जोडायचा. तो असा किंचाळला की मी उठले.

मी घुसले त्यांच्यात. एकाच्या दंडाला चावले, एकाला ओरबाडलं. "सोडा रे मुडद्यांनो! मशिनीत करंट हाय! त्यानं वाचवलं त्याला!"

"सर म्हातारे, तूबी त्याचीच हायस." कुणीतरी मला ढकललं.

"चूक माझी हाय! खड्ड्यात पाणी मी टाकलं न्हाई! माझ्या गाईला पाजलं! ऐका रे, माझ्या गाईला पाजलं मी!"

कोण ऐकतंय! कसला खड्डा, कसली गाय. एक जण तेवढा थांबला, मशिनीकडं गेला, दांडा धरला. दांड्याची मूठ प्लास्टिकची. त्याला काय होणार? "कुठं हाय करंट? खोटं बोलून राहिली ही!" असं म्हणून तो परत मारायला वळला. भुजंगनं आकडा दुसऱ्यांदा उचलला, ह्यावेळी मानेकडं. त्याच्या डोळ्यांत माणूस राहिला नव्हता.

मला दुसरं काही सुचलं न्हाई. देवाशपथ, शूर-बिर काही नव्हते मी. एवढंच वाटलं, हा मेला तर मी ह्याच्यापुढं कुठं तोंड दाखवू.

"भुजंगा, हिकडं बघ!" म्हणलं, आन् डब्यावर हात ठेवला.

पुढचं मला अर्धवट आठवतं. कुणीतरी हाताची हाडं धरून पिळून काढावीत तसं. वरडायचं होतं, जबडा उघडंना. हात सोडायचा होता, हात माझा नव्हता. टीव्हीत विमानं दिसत होती. भाजल्याचा वास आला, तो माझाच होता.

मग लोकांनी सांगितलं ते सांगते. मला तसं बघून भुजंगच्या हातातला आकडा गळाला. तो धावला, मला धरायला. व्यंकटी खाली रक्तात पडलेला, तिथून वरडला, "हात लावू नको! तूबी चिकटशील! लाकूड घे! हाण तिला लाकडानं!"

भुजंगनं स्टूल उचललं. तेच, तीन पायांवर राहिलेलं. आन् माझ्या हातावर हाणलं. एकदा. दोनदा. रडत हाणलं म्हणतात. सुटले तवा माझं कोपराखालचं हाड बाहेर आलं होतं.

भुजंग स्टूल हातात धरून उभा. त्यानं स्टुलाकडं बघितलं, सिद्धरामकडं बघितलं, व्यंकटीकडं बघितलं. त्याच्या ध्यानात आलं, आत्ता आपण जे केलं तेच ह्यानं केलं होतं. तो मटकन खाली बसला आन् स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागला. बाकीचे एकएक करून पळाले, चपला उंबऱ्यावरच टाकून. व्यंकटीनं भिताडाला टेकून कसंतरी उभं राहून, डाव्या हातानं केबिनीची काच फोडली आन् मेन पाडला. मशिनी गप झाल्या.

तेवढ्यात अप्पा आला. एवढा गोंधळ दिसत होता, तरी उंबऱ्यात चपला काढल्या त्यानं, सवयीनं. पाऊल रक्तात पडलं तवा मागं सरला. आन् पहिलं काय विचारलं ठाऊक हाय? "मशिनीला काय झालं न्हाई ना?" माझा हात धड असता तर त्या दिवशी तो दवाखान्यात चौथा असता.

भुजंगनं तिघांनाबी हातगाड्यावर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. सिद्धराम दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला, दोन्ही मनगटं मोडलेली, पण जिता. व्यंकटीच्या चार बरगड्या गेल्या. उजव्या हाताची दोन बोटं मिटंनात. डॉक्टर म्हणला, आता मिटायची न्हाईत. मला प्लास्टर करून घरी धाडलं.

तीन दिवस मी त्याच्यापुढं गेले न्हाई. सुनेला विचारायची, त्यानं काही म्हणलं का, शिव्या दिल्या का. न्हाई म्हणायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चौथ्या दिवशी टँकर आला. पहिला तांब्या भरला, बांडीनं मान लांब केली, तिच्याकडं बघितलं न्हाई आन् दवाखान्यात गेले. तिथं नळाला गढूळ यायचं, म्हणलं ह्याला चांगलं पाणी तरी पाजू.

तो भिताडाकडं तोंड करून पडला होता. हाताला हे एवढं फडकं. मी खाटेजवळ उभी राहिले. म्हणलं, "व्यंकटी, पाणी आणलंय बाबा. घे घोटभर."

त्यानं मान वळवली. माझ्या प्लास्टरकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं.

"अप्पानं दुकान उघडलं?"

"हाव. आज सकाळी. निलंग्याचं कोणतरी ठेवलंय तुझ्या जागी."

"माणसं हायेत आत?"

"येताना बघितलं. भरलंय."

त्यानं चांगल्या हातानं तांब्या माझ्याकडं सरकवला.

"मला नको अक्का. खड्ड्यात टाक."

मी तांब्या पदराखाली झाकून निघाले. ऊन असं की डांबर चटके द्यायचं. दुकानाच्या उंबऱ्यावर ओळीनं चपला होत्या, तीस-चाळीस जोड. मी माझ्या पायातल्या काढल्या न्हाईत. अप्पा गल्ल्यावरून वरडला, "साखराबाई, चपला!" मी त्याच्यापुढून, मशिनींच्या मधून, लक्ष्मीच्या फोटोखालून तशीच मागं गेले. खड्ड्यात मीठ पांढरं फटक पडलं होतं. तांब्या उपडा केला, आन् दुसरं पाणी आणायला परत नाल्यापलीकडं, माझ्या खोपटाकडं निघाले.